जगातली सर्वांत जुनी राज्यघटना कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझी छोटी अभ्यासिका आहे. तीस खुर्च्या, पुस्तकांची दोन कपाटं आणि कायम अर्धा रिकामा असलेला पाण्याचा जार. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला येऊन बसतात. जानेवारी आला की आसपासच्या शाळा प्रजासत्ताक दिनाच्या प्रश्नमंजूषेसाठी माझ्याकडून प्रश्न काढून घेतात, आणि मग एका प्रश्नावरून दरवर्षी फोन येतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

नमनाला घडाभर तेल नको. सर्वांत जुनी राज्यघटना कोणती, एका वाक्यात सांगा.

सांगते, पण वाक्य लांब आहे: स्वतंत्र देशाची, एकाच दस्तऐवजात लिहिलेली, मध्ये खंड न पडता आजही अमलात असलेली सर्वांत जुनी राज्यघटना अमेरिकेची.

आता यातला एकेक शब्द काढून बघा. ‘एकाच दस्तऐवजात’ काढलंत की सॅन मरिनो १६०० साल घेऊन पुढे येतं. ‘देशाची’ काढलंत तर अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याची घटना तिथल्या संघराज्याच्या घटनेहून जुनी निघते. ती १७८० ची, मसुदा जॉन अ‍ॅडम्सचा, आणि ती अजून चालू आहे. ‘आजही अमलात’ काढलंत तर कॉर्सिका, स्वीडन, सतराव्या शतकात राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचं इंग्लंड अशी रांगच लागते. ‘लिहिलेली’ या शब्दाचं काय करायचं, ते पुढे.

या एका प्रश्नाचं तुम्हाला एवढं काय पडलंय?

कारण एकदा मी त्यात तोंडघशी पडले आहे. साताऱ्यातल्या एका शाळेत अंतिम फेरी होती, परीक्षक मी. चिठ्ठीवर प्रश्न होता, ‘जगातील सर्वांत जुनी लिखित राज्यघटना कोणत्या देशाची?’ आणि खाली कंसात उत्तर, अमेरिका. कोरेगावकडच्या संघातली नववीतली मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सॅन मरिनो, सोळाशे.’ मी ‘चूक’ म्हणाले आणि प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. फेरी संपल्यावर ती एकटीच टेबलाशी आली. गुणतक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हरकत लिहून आणली होती, आणि वर विचारलं, ‘बाई, लिखित म्हणजे किती कागदांवर लिहिलेली?’

मला उत्तर देता आलं नाही. निकाल तोवर जाहीर झाला होता.

मग सॅन मरिनोचं खरं काय आहे?

सॅन मरिनो हा चारी बाजूंनी इटलीने वेढलेला चिमुकला देश आहे. तिथे १६०० साली लॅटिन भाषेत कायदेसंहिता अमलात आली. तिची पुस्तकं सहा. पहिल्यात राज्यकारभाराची चौकट आहे: परिषदा कशा भरायच्या, अधिकारी कोण, त्यांची कामं काय. उरलेल्या पाचांत दिवाणी दावे, फौजदारी, अपिलं, नुकसानभरपाई असा सगळा संसार आहे. देशाचे प्रमुख दोन, दोघांची मुदत फक्त सहा महिने. ही पद्धत १६०० च्याही आधीपासूनची, आणि आजही तशीच चालते.

तर ही राज्यघटना आहे का? पहिलं पुस्तक वाचलं तर ‘हो’ म्हणावंसं वाटतं. तिसरं उघडलं की हे तर आपल्या दंडसंहितेसारखं आहे असं वाटतं. शिवाय नागरिकांचे हक्क सांगणारा स्वतंत्र जाहीरनामा तिथे १९७४ साली झाला. म्हणजे तिथली घटना एका ठिकाणी नाही. थोडी १६०० च्या पुस्तकांत आहे, थोडी १९७४ च्या कायद्यात.

माझं मत असं: सॅन मरिनोकडे जगातली सर्वांत जुनी, अजून चालू असलेली लेखी राज्यव्यवस्था आहे. तिला आजच्या अर्थाने ‘राज्यघटना’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. पण त्या मुलीला मी ‘चूक’ म्हणायला नको होतं.

अमेरिकेच्या घटनेचं वर्ष कोणतं? एका गाईडमध्ये १७८७ आहे, दुसऱ्यात १७८८, तिसऱ्यात १७८९.

तिन्ही गाईडं बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. फिलाडेल्फियात मसुद्यावर सह्या झाल्या १७ सप्टेंबर १७८७ ला. घटना लागू व्हायला तेरांपैकी नऊ राज्यांची मंजुरी हवी होती. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, त्याने मंजुरी दिली २१ जून १७८८ ला. प्रत्यक्ष कारभार सुरू झाला ४ मार्च १७८९ पासून, आणि वॉशिंग्टन यांचा शपथविधी त्याच वर्षी ३० एप्रिलला झाला.

बरं, तेव्हाही तेरा राज्यं आत आलेली नव्हतीच. ऱ्होड आयलंड १७९० च्या मे महिन्यापर्यंत बाहेर होतं. आणि आपण ज्यांना तिथले मूलभूत हक्क म्हणतो त्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ च्या डिसेंबरात आल्या. भाषणस्वातंत्र्य हा अमेरिकी घटनेचा प्राण मानणाऱ्याने तर १७९१ च धरावं.

जन्मतारीख म्हणून मी अंमलबजावणीची तारीख धरते. साखरपुडा कधी झाला हे कुणी विचारत नाही, लग्नाचा वाढदिवस लग्नाच्या तारखेलाच करतात. पण सह्यांची तारीख धरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना मी चूक म्हणत नाही.

आपल्या संविधानाचं तसं नाही ना? २६ जानेवारी १९५०, एकच तारीख.

इथंच भले भले चकतात. उद्देशिकेत छापलेली तारीख आहे २६ नोव्हेंबर १९४९. त्या दिवशी संविधान सभेने संविधान ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ केलं. सदस्यांच्या सह्या झाल्या २४ जानेवारी १९५० ला. आणि बहुतेक संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला.

‘बहुतेक’ म्हटलं, कारण अनुच्छेद ३९४ मध्ये एक बारीक मेख आहे. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९, निवडणुकांचा ३२४ आणि आणखी काही तरतुदी त्याच दिवशी, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाल्या. दोन महिने आपलं संविधान अंशतः चालू होतं, आणि बाकीचा कारभार इंग्रजांच्या काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यावर. अनुच्छेद ३९५ ने तो जुना कायदा आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा हे दोन्ही रद्द केले.

साताऱ्याच्या मुलांना मी आणखी एक तारीख सांगते, ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी इथल्या राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. संविधानाच्या वयाशी त्याचा काही संबंध नाही. पण सातारकर म्हणून एवढा मान आपण घेतो.

इंग्लंडचा मॅग्ना कार्टा १२१५ चा. मग तीच सर्वांत जुनी नाही का?

हा प्रश्न दर जानेवारीत किमान एकदा येतो. १५ जून १२१५ ला रनीमीड इथं जॉन राजाने सरदारांच्या दबावाखाली ती सनद मान्य केली, हे खरं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोपने ती रद्दबातल ठरवली. म्हणजे १२१५ ची मूळ सनद जेमतेम दहा आठवडे जगली. पुढे ती बदल करून पुन्हा पुन्हा काढली गेली. आज इंग्लंडच्या कायद्याच्या पोथीत जी आहे ती १२९७ ची आवृत्ती, आणि तिच्यातलीही बोटांवर मोजण्याइतकी कलमं शिल्लक आहेत. बाकीची संसदेने हळूहळू काढून टाकली.

ब्रिटनला एका वहीत लिहिलेली घटनाच नाही. काही कायदे, काही न्यायनिर्णय, काही संकेत, असं सगळं मिळून त्यांची व्यवस्था होते. ‘अलिखित’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे, पण तोही शब्द फसवा आहे. लिहिलेलं पुष्कळ आहे, फक्त एका जागी बांधलेलं नाही. न्यूझीलंड आणि इस्रायल यांचंही साधारण असंच. अशा देशांच्या घटनेला जन्मतारीख देणं म्हणजे कृष्णा नदीचा वाढदिवस विचारण्यासारखं आहे. महाबळेश्वरला गोमुख दाखवता येतं, पण संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. पुढे जे पाणी वाहतं ते कुठल्या दिवशीचं?

इंग्लंडचा हक्कांचा कायदा कुठे १६८८ लिहितात, कुठे १६८९. छपाईची चूक?

चूक नाही, आणि ही गोष्ट मला फार आवडते. राजाची संमती मिळाली १६ डिसेंबर १६८९ ला. पण त्या काळी तिथे दोन गंमती होत्या. एक, नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू व्हायचं. दोन, संसदेचा कायदा कधीही मंजूर होवो, तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासूनचा धरला जायचा. ते अधिवेशन सुरू झालं होतं फेब्रुवारीत. आपल्या हिशेबाने १६८९ चा फेब्रुवारी, त्यांच्या तेव्हाच्या हिशेबाने अजून १६८८. म्हणून डिसेंबर १६८९ मध्ये झालेल्या कायद्यावर अधिकृतपणे १६८८ हे साल बसलं.

शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर साताऱ्यात दोन मिरवणुका पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. घटना एकच असते, पंचांग वेगळं असतं. वेगवेगळ्या देशांची जुनी सालं एका तक्त्यात मांडताना ती कुठल्या पंचांगातली आहेत हे आधी बघावं.

दुरुस्त्या करून करून घटना पार बदलली, तर ती जुनीच धरायची का?

सगळं घोडं इथंच पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सातबारा कसा असतो ते आठवा. जमीन तीच, गट नंबर तोच. वारस लागतात, बोजा चढतो, बोजा उतरतो, आणि प्रत्येक बदलाचा फेरफार क्रमांक पडतो. जुन्या नावाला कंस होतो, पण नाव दिसत राहतं. अमेरिकेची घटना तशी आहे. तिथे मूळ मजकुराला हात न लावता दुरुस्ती शेवटी जोडतात. दारूबंदी आणणारी १८ वी दुरुस्ती १९१९ ची, ती रद्द करणारी २१ वी १९३३ ची, आणि आजही दोन्ही एकाखाली एक छापलेल्या सापडतात. २७ वी दुरुस्ती तर १७८९ मध्ये मांडली गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली. तिचं वय काय धरायचं ते तुम्हीच सांगा.

आपल्या संविधानात उलट, दुरुस्ती थेट मजकुरात शिरते आणि जुने शब्द तळटिपेत जातात. शेवटचा अनुच्छेद आजही ३९५ वाच आहे, पण मध्ये २१ अ, ५१ अ, २४३ अ असे घुसवत नेल्याने प्रत्यक्ष संख्या साडेचारशेच्या घरात गेली आहे. मूळच्या ८ अनुसूचींच्या १२ झाल्या. बेल्जियमने १८३१ ची घटना १९९४ मध्ये नव्याने क्रमांक देऊन लिहून काढली. नॉर्वेने १८१४ च्या घटनेची जुनी भाषा २०१४ मध्ये, दोनशेव्या वर्षी, आजच्या नॉर्वेजियनमध्ये बदलून घेतली. वही भरली म्हणून तलाठ्याने सातबारा नव्याने उतरवून काढावा, तसं. उतारा नवा, जमीन जुनीच.

नेदरलँड्समध्ये १८१५ ची घटना १९८३ साली आमूलाग्र बदलली, तरी डच लोक वय जुन्या सालापासून मोजतात. स्वित्झर्लंडने १८४८ ची घटना १८७४ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये ‘संपूर्ण दुरुस्त’ केली, आणि १ जानेवारी २००० पासून लागू झालेली घटना बहुतेक जण नवीन धरतात. दोन्हीकडे काम सारखंच, पण एक म्हातारा ठरतो आणि एक तरुण.

सगळ्यांत अवघड केस जपानची. आजची घटना ३ नोव्हेंबर १९४६ ला जाहीर झाली आणि ३ मे १९४७ ला लागू. तिच्यात सम्राटाची सत्ता काढून जनतेकडे दिली. याहून नवं काय असणार? पण कागदोपत्री ती १८८९ च्या मेइजी घटनेची ‘दुरुस्ती’ म्हणून, तिच्याच ७३ व्या कलमाखाली झाली. कागदावर बोट ठेवून बसणारा वकील तिला १८८९ ची म्हणू शकेल. तसं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आणि १९४७ नंतर तिच्यात एकही दुरुस्ती नाही, त्यामुळे ‘एकदाही न बदललेली सर्वांत जुनी घटना’ हा मान तिचा. बघा, जरा शब्द फिरवले की प्रत्येकाला एक ढाल मिळते.

घटना काही वर्षं बंद पडून परत चालू झाली तर?

लाटव्हियाची घटना १९२२ ची. १९३४ मध्ये तिथे सत्तापालट होऊन ती गुंडाळली गेली, मग सोव्हिएत ताबा आला. १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर करताना तिची काही कलमं परत आणली आणि १९९३ मध्ये ती पूर्ण लागू केली. लाटव्हियन लोक तिचं वय १९२२ पासूनच मोजतात. मध्ये जवळजवळ साठ वर्षं ती कागदावरच होती.

ऑस्ट्रियाची १९२० ची घटना १९३४ मध्ये बाजूला सारली गेली आणि १९४५ मध्ये परत आली. अर्जेंटिनात १८५३ ची घटना असताना पेरॉन यांच्या काळात १९४९ ची नवी आली, १९५६ मध्ये लष्करी सरकारने ती काढून १८५३ ची परत बसवली. आता अर्जेंटिनाची घटना १८५३ ची की १९५६ ची? मी ‘१८५३, खंडासह’ असं लिहिते. शाळेत मध्ये दोन वर्षं गैरहजर असलेल्या मुलाची जन्मतारीख आपण बदलत नाही. पण सलग हजेरीचं बक्षीसही देत नाही.

युरोपातली पहिली पोलंडची की फ्रान्सची?

आधुनिक, एकसंध, लेखी असं म्हटलं तर पोलंडची. ती ३ मे १७९१ ची, फ्रान्सची ३ सप्टेंबर १७९१ ची. चारच महिन्यांचा फरक. पोलंडची घटना मंजूर झाली ती ईस्टरच्या सुट्टीत विरोधक घरी गेले असताना. पुढच्याच वर्षी रशियाचं सैन्य आलं, घटना गेली, आणि १७९५ पर्यंत देशच नकाशावरून गेला. तरी ३ मे हा आजही पोलंडचा राष्ट्रीय सण आहे.

मात्र कॉर्सिका बेटावर पास्काले पाओली यांनी १७५५ मध्येच घटना केली होती. ते राज्य १७६९ मध्ये फ्रान्सने जिंकलं. म्हणून ‘पहिली’ लिहिताना ‘आधुनिक’ या शब्दाला टेकू द्यावा लागतो.

आणि स्वीडन?

स्वीडनमध्ये राज्यकारभाराचा लेखी कायदा १६३४ पासून आहे, पण ते कायदे एकामागोमाग बदलत गेले. त्यातला १८०९ चा सर्वांत टिकाऊ निघाला, १९७४ च्या अखेरपर्यंत चालला. तो गेल्यावर नॉर्वेची १८१४ ची घटना काहीही न करता एक पायरी वर सरकली. जागेवर बसून बढती! वारसाहक्काचा १८१० चा कायदा मात्र स्वीडनमध्ये अजून मूलभूत कायदा म्हणून लागू आहे. म्हणजे तिथल्या घटनेचा एक पाय १८१० मध्ये आणि एक १९७४ मध्ये.

आपल्या भागात कधी स्वतःची घटना झाली होती का?

झाली होती, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. औंध संस्थान. औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. यमाईच्या डोंगराला आणि तिथल्या संग्रहालयाला सहल नेतात ते गाव. संस्थान मात्र तुकड्यातुकड्यांत होतं. आटपाडी, कुंडल ही आज सांगली जिल्ह्यातली गावं औंधात होती, किर्लोस्करवाडी औंधच्याच हद्दीत उभी राहिली, आणि काही गावं थेट विजापूरकडे.

राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे तेच. त्यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती देणार. जानेवारी १९३९ मध्ये त्याचा कायदा झाला. खाली निवडून आलेली गावपंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर विधिमंडळ. महात्मा गांधींनी मसुद्यात लक्ष घातलं होतं. राजपुत्र अप्पासाहेब पंत पुढे होते. आणि जाहीरनामा तयार करण्यात मोठा हात होता मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरचा, जो मूळचा पोलंडचा! ३ मे १७९१ चं पोलंड आणि १९३९ चं औंध अशी गाठ कुठल्या गाईडमध्ये सापडणार नाही.

आता या घटनेवर आपले निकष लावून बघा. तारीख? जाहीरनाम्याची १९३८, कायद्याची १९३९. देशाची? नाही, वर इंग्रजांची सार्वभौम सत्ता बसलेली. अजून अमलात? नाही, मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे कुठल्याच यादीत औंध बसत नाही. तरी गावच्या पंचायतीपासून वर सत्ता चढवत नेणारी चौकट जवळजवळ नऊ वर्षं इथल्या मातीत चालली. वयाच्या यादीत नसलेल्या घटना कमी महत्त्वाच्या, असं म्हणणाऱ्याला मी औंधला घेऊन जाते.

शिवरायांचा कानूजाबता ही राज्यघटना नव्हती का?

प्रेमाने विचारलेला प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देते. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांची कामं नेमून देणारा कानूजाबता झाला. पेशव्याने काय पाहायचं, अमात्याने काय, सेनापतीने काय, हे त्यात ठरवून दिलं आहे. कारभाराचा लेखी नियम म्हणून तो मोलाचा आहेच. पण राज्यघटनेत आणखी एक गोष्ट लागते: खुद्द राज्यकर्त्याला बांधून घालणारा नियम, जो तो एकट्याने मोडू शकत नाही. कानूजाबता प्रधानांना बांधतो, छत्रपतींना नाही.

हाच निकष मी जपानच्या शोतोकु राजपुत्राच्या सातव्या शतकातल्या सतरा कलमांनाही लावते. नावात ‘घटना’ आहे, आत अधिकाऱ्यांना केलेला उपदेश आहे. परक्याला एक माप आणि घरच्याला दुसरं, असं चालणार नाही.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया?

दोन्ही घटना जन्माला आल्या त्या ब्रिटिश संसदेचे कायदे म्हणून. कॅनडाची १८६७ ची, ऑस्ट्रेलियाची १ जानेवारी १९०१ पासूनची. कॅनडाला आपली घटना स्वतः बदलण्याचा पूर्ण अधिकार १९८२ मध्ये मिळाला. तेव्हा १८६७ ला ती ‘देशाची’ होती का, हा वाद घालता येतो. मी घालत नाही.

तुलना करायची तर लांबी मोजू या का? आपली सर्वांत मोठी आहेच.

आहेच. इंग्रजी प्रतीत सुमारे दीड लाख शब्द, तर अमेरिकेच्या मूळ घटनेत साडेचार हजारांच्या आसपास. पण या आकड्यांवर फार उड्या मारू नका. आपल्या संविधानात राज्यांचा कारभार, लोकसेवा आयोग, निवडणूक आयोग, सगळं एकत्र आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची घटना वेगळी, ती या मोजणीत धरलेलीच नाही. एका घरात सगळे भाऊ एकत्र राहतात, दुसऱ्या घरात वेगळे निघालेत, आणि आपण दोन्हीकडच्या ताटांची संख्या मोजतोय. शिवाय भाषा बदलली की मोजणी बदलते. ‘घटनादुरुस्तीसंबंधीच्या’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात.

घटना साधारण किती वर्षं टिकते?

१७८९ पासूनच्या जगभरच्या घटना तपासणाऱ्या अभ्यासकांनी सरासरी आयुष्य काढलं १९ वर्षं. गंमत म्हणजे थॉमस जेफरसन यांनी सप्टेंबर १७८९ मध्ये अमेरिकी घटनेचे शिल्पकार मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच म्हटलं होतं, की प्रत्येक घटना १९ वर्षांनी आपोआप संपावी, कारण मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करू नये. तेव्हा मॅडिसन यांची घटना वर्षाचीही नव्हती!

अर्थात सरासरीतही मोजणीची तीच खोट आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकात दुरुस्ती झाली की अख्खी घटना नव्याने जाहीर करायची रीत, म्हणून त्यांच्या नावावर तिसाहून जास्त घटना लागतात. तीच रीत आपल्याकडे असती तर १९५१ पासून आजवर आपल्याही नावावर शंभरावर घटना लागल्या असत्या.

ते सगळं ठीक. परीक्षेत काय लिहू?

पर्यायांत अमेरिका असेल आणि प्रश्नात ‘लिखित’ असेल तर अमेरिका लिही आणि पुढे जा. पर्यायांत अमेरिका नसेल आणि सॅन मरिनो असेल तर सॅन मरिनो. दोन्ही असतील तर प्रश्न पुन्हा वाच, ‘एकसंध’ किंवा ‘संहिताबद्ध’ असा शब्द कुठेतरी लपलेला असतो. नसेल तर पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत असते, ती चुकवू नकोस. आणि हरकत शाईने लिही, पेन्सिलीने नको.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

त्या वर्षी ढाल दुसऱ्या शाळेकडे गेली. हरकतीचा कागद माझ्या कपाटात आहे. ‘मरिनो’ तिने आधी ‘मारिनो’ लिहून मग काना खोडलाय.

पुढच्या वर्षी मी प्रश्न सुधारून लिहिला: ‘स्वतंत्र देशाची, एकाच दस्तऐवजात लिहिलेली, अंमलबजावणीच्या तारखेनुसार मोजलेली, खंड न पडता आजही लागू असलेली, जगातील सर्वांत जुनी राज्यघटना कोणत्या देशाची?’ उत्तराला वेळ होता पंधरा सेकंद. माझं वाचून होईपर्यंत शिपाईमामांनी घंटा वाजवली.